मदत हवी: पत्रा वाकवायचं मशीन घरी बनवू की तयार घेऊ? (घाई आहे)

एरंडोलकर:
मंडळी, घरामागच्या शेडमध्ये पत्रा वाकवायला हाताचं बेंडिंग मशीन पाहिजे. व्हिडिओवाले त्याला ब्रेक म्हणतात. बनवू की विकत घेऊ? बनवायचं तर लोखंडी अँगल (L आकाराची पट्टी) केवढा घ्यावा? बजेट २० हजारांच्या आत. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी काम सुरू व्हायला पाहिजे. कृपया 'गुगल करा' सांगू नका, केलंय.

चाळीसगावकर:
पत्रा कसला? किती जाड, किती लांब?

एरंडोलकर:
जीआय, म्हणजे जस्त चढवलेला. आपला नेहमीचा.

वेल्डर७०१८:
नेहमीचा म्हणजे तुमचा की माझा? माझ्याकडे नेहमी ५ मिमी चालतो. गेज सांगा भो, म्हणजे जाडीचा नंबर. नंबर लहान तेवढा पत्रा जाड.

केळीवाला_रावेर:
ब्रेकचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. माझ्या पिकअपला मागे ड्रम ब्रेक आहेत. कन्नड घाट उतरताना सारखा पाय ब्रेकवर ठेवला तर ते तापून पॅडल मऊ पडतं. उताराला खालचा गिअर टाकायचा, आणि ब्रेक ऑइल वेळच्या वेळी बदलायचं.

चाळीसगावकर:
केळीवाले, इथे पत्रा वाकवायचाय, गाडी थांबवायची नाही.

एरंडोलकर:
२२ गेज. कूलरच्या बॉड्या करतो. मागच्या वर्षी पत्रे बाहेर बेंडिंगला दिले होते. त्याने आठ दिवस ठेवून घेतले आणि दोन बाजूंना बेंड उलटा मारून दिला. भर उन्हाळ्यात गिऱ्हाईक दारात. म्हणून आता घरीच करायचं.

आबा_पारोळा:
इतला पैसा कसाले घालस रे भाऊ! दोन अँगल घ्या, मध्ये पत्रा धरा, दोन्हीकडून शिकंजा (क्लॅम्प) लावा आणि लाकडी हातोडीने हळूहळू खाली बसवा. आमच्याकडे धान्याच्या कोठ्या अशाच ठोकल्या जायच्या. ४० वर्षांपूर्वीची कोठी अजून दादर ज्वारी भरायला वापरतो.

वेल्डर७०१८:
आबा, कोठीला ठोक्यांच्या खुणा चालतात. आजचं गिऱ्हाईक कूलरवरून हात फिरवून बघतं.

अमळनेरी:
थ्री-इन-वन मशीन घ्या. कापतं, वाकवतं, रोलही करतं. ३० इंची मिळतं. विषय संपला.

निवृत्त_फिटर_भुसावळ:
विषय संपला नाही. ३० इंचीत कूलरची बाजू बसणार कशी? आणि असली मशीनं पूर्ण रुंदीला १ मिमीच्या आसपासच झेपतात, तेही मऊ पत्र्याला. एरंडोलकर, २२ गेज म्हणजे ०.७१ मिमी. वाकवायला लागणारा जोर जाडीच्या वर्गाने वाढतो. २० गेज म्हणजे ०.९१. नुसतं दोन नंबर खाली गेलात तर दीडपटीहून जास्त जोर. म्हणून आधी सांगा, टाकी पण २२ चीच करणार का?

एरंडोलकर:
टाकी २० ची. चारी बाजूंनी वर वळवायची, ४ इंच.

निवृत्त_फिटर_भुसावळ:
हे पहिल्या ओळीत सांगायचं हो! चारी बाजू वळवायच्या तर वरून पत्रा दाबून धरणारी साधी सलग पट्टी चालत नाही. दोन बाजू वळल्या की उरलेल्या दोन करताना वळलेला पत्रा वरच्या पट्टीला आडवा येतो. त्यासाठी वरची पट्टी तुकड्यांची लागते. २, ३, ४, ६, ८ इंचांचे तुकडे करा, टाकीच्या आतल्या मापाइतके जोडून लावा. आणि तुकडे ज्या आडव्याला बसतील तो पत्र्यापासून ४ इंचांहून उंच ठेवा, नाहीतर वळलेली कड त्याला जाऊन थडकेल.

वेल्डर७०१८:
एवढा उपद्व्याप कशाला? ४ कोपरे कापा, वळवा, वेल्ड मारा.

निवृत्त_फिटर_भुसावळ:
कापलेत तरी वळवायला तुकडे लागणारच. आणि जीआयला वेल्ड? जस्त जळतं, पांढरा धूर छातीत जातो, रात्री थंडी वाजून ताप येतो. शेडमध्ये एकदा अनुभव घेतलाय. शिवाय जिथे जस्त उडालं तिथूनच गंज धरणार, आणि आपल्या बोअरचं पाणी तर क्षाराचं. रिव्हेट मारा, आतून सीलंट भरा.

वेल्डर७०१८:
काका, २० वर्षं वेल्डिंग करतोय, मला ताप आला नाही.

निवृत्त_फिटर_भुसावळ:
दार उघडं असेल.

गिरणाकाठ:
कूलर करताय तर गवताऐवजी हनीकोंब लावा. गवत एका हंगामात कुजतं, वास येतो. आणि मोटारीची अर्थिंगची वायर बॉडीला घट्ट जोडा, थ्री-पिन प्लगच लावा. पत्र्याची बॉडी, ओला हात, खाली ओली फरशी. दर उन्हाळ्यात शॉक बसल्याच्या बातम्या येतात.

एरंडोलकर:
अर्थिंग करतो मी, थँक्यू. गवताचं विचारलं नव्हतं. अँगल केवढा ते कोणी सांगेल का? खरं म्हणजे एक बनवून झालंय. ५० बाय ५० मिमीचे तीन अँगल, बाजूला बिजागऱ्या, हँडल. टोकाला बरोबर काटकोन येतो, मध्ये येत नाही. गोणपाटासारखं फुगतं.

चाळीसगावकर:
म्हणजे मशीन आहेच! मग वरचं सगळं कशाला विचारलं?

अमळनेरी:
म्हणूनच म्हटलं तयार घ्या.

निवृत्त_फिटर_भुसावळ:
शांत व्हा. आता नीट सांगा. मधला बेंड टोकदार आहे पण कमी वळतो, की गोल वळतो?

एरंडोलकर:
दोन्ही असेल. थोडा गोल, आणि थोडा कमी.

निवृत्त_फिटर_भुसावळ:
मग दोन दोष आहेत. गोल वळतो म्हणजे वरची पट्टी मध्ये उचलली जाते, कारण शिकंजे फक्त टोकांना आहेत. कमी वळतो म्हणजे खालचा फिरणारा अँगल मध्ये वाकतो. पारख सोपी आहे. पट्टी आवळा, मधोमध वहीचा कागद सरकवून ओढा. सुटून आला तर पट्टी मध्ये टेकतच नाही. मग पट्टीच्या मध्यावर पत्र्याची पातळ चिप लावा किंवा पट्टीलाच अगदी हलका बाक द्या, म्हणजे आधी मध्य टेकेल, आवळल्यावर टोकं.

फिरणाऱ्या अँगलला बाहेरच्या बाजूने ५० बाय ८ ची फ्लॅट पट्टी उभी लावा. आडवी नाही, उभी. ताठरपणा खोलीच्या घनाने वाढतो, खोली दुप्पट झाली की ताठरपणा आठपट. वेल्डिंग सलग मारू नका, टाके मारत जा, एकदा या टोकाला एकदा त्या. नाहीतर सरळ अँगल केळीसारखा होईल.

केळीवाला_रावेर:
केळीचं नाव निघालं म्हणून आलो. 😄

वेल्डर७०१८:
टाके हे मान्य. पण बिजागरी बघा. पिनचा मध्य बेडच्या (पत्रा ज्यावर टेकतो त्या स्थिर अँगलच्या) कडेच्या बरोबर रेषेत हवा. वर-खाली असेल तर वळताना पत्रा ओढला जातो किंवा रेघोटी पडते. आणि काटकोनावर थांबू नका, दोनेक अंश पुढे जा, पत्रा परत फिरतो.

आबा_पारोळा:
यापेक्षा हातोडी बरी.

एरंडोलकर:
काका, वेल्डरभाऊ, काल रात्री केलं. कागद सहज सुटून येत होता! चिप लावली, फ्लॅट उभी जोडली, टाके मारत मारत. २२ चा पत्रा आता टोकाला आणि मध्ये दोन्हीकडे सारखा काटकोन. बायको म्हणाली, एवढ्यात चार कूलर झाले असते. तरी मस्त. आज टाकीचा २० चा घेतो.

निवृत्त_फिटर_भुसावळ:
वा. तुकड्यांची पट्टी तयार झाली का? आणि दोन बिजागऱ्यांमध्ये अंतर किती ठेवलंय?

एरंडोलकर:
तुकडे कापलेत. अंतर ३६ इंच. टाकीचा पत्रा ४० आहे, सांगायचं राहिलं.