काळे तीळ खाऊन पिकलेले केस काळे होतात?

सिंगापूरकर : शेजारच्या चिनी आजी रोज सकाळी भाजलेले काळे तीळ खलात कुटून गरम पाण्यातून घेतात. परवा माझी कानशिलं बघून त्यांनी भरलेली बरणीच हातात ठेवली. चिनी वैद्यकाप्रमाणे म्हणे हे तीळ यकृत-मूत्रपिंडाला बळ देतात, आतड्यांना ओलावा देतात. आणि केस म्हणजे मूत्रपिंडाचं बाहेर दिसणारं तेज. मला विचाराल तर काळं खा, काळे व्हा, एवढाच हिशेब. मग काजळ खाऊ का?

उंटावरचा शहाणा : खा, पण आधी हे वाच. त्यांचं 'मूत्रपिंड' म्हणजे आपली किडनी नव्हे. वाढ, प्रजनन, म्हातारपण, सगळं त्या एका शब्दात येतं. शेन्नोंग या चिनी पुराणातल्या सम्राटाच्या नावाच्या जुन्या औषधिग्रंथात तीळ वरच्या वर्गात आहेत, म्हणजे दीर्घकाळ चालतील अशा द्रव्यांत. मात्रा ९ ते १५ ग्रॅम. जुलाब होत असतील तर देत नाहीत. इतका विचार केलेल्या गोष्टीला काजळ म्हणायचं?

सिंगापूरकर : त्यांच्या पंचतत्त्वांच्या कोष्टकात मूत्रपिंडाचा रंग कोणता? काळा! फिरून रंगावरच आलात.

आजीचा बटवा : आपल्या आयुर्वेदातल्या वाग्भटानेही तिळाला केश्य, म्हणजे केसांना हितकर, म्हटलंय, तेव्हा चिन्यांना एकट्याला झोडू नका. गंमत म्हणजे आपल्याकडे तीळ उष्ण, त्यांच्याकडे ना थंड ना गरम. दाणा मात्र मूळचा आपलाच. हडप्पात जळके तीळ सापडलेत, आणि चीनमधलं जुनं नाव 'हू मा'. त्यातलं 'हू' म्हणजे पश्चिमेकडचे परके लोक.

सिंगापूरकर : दोन शास्त्रांनी म्हटलं म्हणून पुरावा होत नाही हो. २०२० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की ताणामुळे केसांना रंग पुरवणाऱ्या मूळ पेशीच संपून जातात. संपलेल्या पेशी तीळ कुठून आणणार?

उंटावरचा शहाणा : म्हणजे उंदरांचं चालतं, आजींचं नाही! बरं, केसांचं राहू दे. दाण्यात जवळजवळ निम्मं तेल, पोट साफ होतं हे तरी मानशील?

सिंगापूरकर : ते मानलं. आठ दिवसांचा अनुभव आहे, तपशील विचारू नका.

आजीचा बटवा : तिळाची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र लांब राहा. काहींना ती जिवावर बेतते. अमेरिकेत २०२३ पासून पाकिटावर तीळ वेगळे नोंदवावे लागतात. आणि सिंगापूरकर, बरणी रिकामी परत करू नकोस रे. चार तिळाच्या वड्या घालून दे.