'वेडात मराठे वीर दौडले सात': वृत्त आहे, आणि पक्कं आहे

कुसुमाग्रजांच्या या कवितेबद्दल दोन मतं मांडली जातात: ती म्हणजे पोवाडाच, आणि तिला ठरीव वृत्त नाही. दुसरं मला अजिबात पटलं नाही. तिची ओळ मात्रांत मोजून बघा (लघु म्हणजे ऱ्हस्व अक्षराची 1 मात्रा, गुरू म्हणजे दीर्घ अक्षराच्या 2):

वे । डात मराठे । वीर दौडले । सात

आधी तालाबाहेरच्या 2 मात्रा, मग 8-8 मात्रांची दोन आवर्तनं (तालाच्या फेऱ्या), शेवटी 4 (अंत्य 'त' लघु असला तरी गुरू धरायचा). एकूण 22. 'म्यानातुनि उसळे तरवारीची पात' अगदी तशीच बसते. कवी आणि छंदशास्त्राचे अभ्यासक माधव जूलियन यांच्या परिभाषेत ही पद्मावर्तनी, म्हणजे आठ-आठ मात्रांच्या आवर्तनांची रचना. आघात पहिल्या अक्षरावर न पडता 'डा'वर पडतो, म्हणून ओळ सुरू होतानाच पुढे झेपावते. या कवितेचा सगळा वेग मला तिथेच सापडतो.

यमकही नेमकं आहे. ओले, शेले, भाले अशी तीन चरणांची साखळी, आणि चौथा चरण 'निमिषात'वर येऊन ध्रुपदाच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीच्या, 'सात'ला भिडतो. कडवं कुठेही गेलं तरी कानाला शेवटी 'सात'च हवा असतो.

पोवाड्याबद्दल म्हणाल तर विषय पोवाड्याचाच आहे, 1674 ची नेसरीची लढाई. पण पुण्यात शिवजयंतीला लाल महालापाशी पोवाडा ऐकून बघा. तिथे चरण लांब-आखूड असतात, मध्येच गद्य येतं, आणि शाहीर डफाच्या ठेक्यावर शब्द ओढून-दाबून बसवतो, झीलकरी (मागचे साथीदार) 'जी जी' म्हणत उरलेली जागा भरतात. इथे अशी जागाच शिल्लक नाही. मी हिला कथागीत, म्हणजे गोष्ट सांगणारं गीत म्हणेन.