न बोलावलेलीची गोष्ट

"राजकन्येच्या हातात तलवार दिली की झाली स्त्रीवादी परीकथा," असं काहीजण म्हणतात, पण ते मत काही पटलं नाही बुवा. इंग्लिश लेखिका अँजेला कार्टरने १९७९ साली ब्लूबिअर्डची, म्हणजे बायकांना मारून प्रेतं बंद खोलीत ठेवणाऱ्या नवऱ्याची, गोष्ट नव्याने लिहिली, ती बघा. फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७च्या मूळ गोष्टीत बायकोला वाचवायला भाऊ धावतात; इथे आई घोडा दामटत येते आणि जावयाच्या डोक्यात गोळी घालते. नायिका सुटते, पण नवऱ्याने त्या खोलीची रक्ताळलेली किल्ली कपाळावर टेकवलेली असते, तो लाल डाग पुसता पुसत नाही. (आपल्याकडच्या बाईला इथे कुंकू आठवणारच.) खरी भीती त्या डागात आहे, खोलीतल्या प्रेतांत नाही.

आणि अशा नव्याने सांगायच्या गोष्टींसाठी कच्चा माल हवाच असेल तर कोल्हापूरकरांनी लांब कशाला जायचं? जर्मन ग्रिम बंधूंच्या झोपलेल्या राजकन्येच्या गोष्टीत सोन्याची ताटं बाराच, म्हणून जादू जाणणाऱ्या तेरा बायकांपैकी तेरावीला आवतण नाही. ती चिडून शाप देते. आपली त्र्यंबोली देवीसुद्धा अंबाबाईच्या विजयोत्सवात मान मिळाला नाही म्हणून रुसून टेकडीवर जाऊन बसली. पण अंबाबाई ललिता पंचमीला पालखीतून तिची समजूत काढायला जाते, तिथे कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो. ही गोष्ट त्र्यंबोलीच्या तोंडून कुणीतरी लिहा की राव!