मदत हवी आहे : रिकामा प्लाझ्मिड घातलेले यीस्टही वाढते आहे

कृष्णाकाठ (सांगली)
एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी उसाच्या मुळांत अमोनियम आत घेणाऱ्या प्रथिनांची जनुके शोधत आहे. मेप-१, मेप-२ आणि मेप-३ ही यीस्टची स्वतःची अमोनियम-वाहकांची तिन्ही जनुके काढलेल्या स्ट्रेनमध्ये (वाणात) उसाची सीडीएनए लायब्ररी, म्हणजे प्लाझ्मिड या छोट्या वर्तुळाकार डीएनएवर बसवलेला उसाच्या जनुकांच्या प्रतींचा संच, घातली; ज्या पेशी वाढतील त्यांत हवे ते जनुक असेल, असा हिशेब होता. परंतु तिन्ही वेळा रिकाम्या (उसाचे जनुक नसलेल्या) प्लाझ्मिडच्या प्लेटवरही तितक्याच दाट वसाहती आल्या. पंधरा दिवसांवर सादरीकरण आहे. स्ट्रेन बिघडला आहे का?

अजिंक्यतारा
माध्यम कोणते, साखर कोणती आणि प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) कोणता, हे आपण लिहिलेलेच नाही.

हळदपेठ
एवढा खटाटोप कशासाठी? यीस्टचा जीनोम १९९६ मध्येच वाचून झाला. मेप-२ चा क्रम उसाच्या क्रमांशी संगणकावर जुळवून पाहावा. एका दुपारचे काम आहे.

अजिंक्यतारा
क्रम जुळला म्हणून वहन सिद्ध होत नाही. अरॅबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीचे एएमटी-१ हे अमोनियम-वाहकाचे जनुक १९९४ मध्ये यीस्टमधील उणीव भरून निघते का, हे पाहूनच हाती लागले.

माणदेश
कॅनाव्हानिन वापरून पाहावे. मी त्यावरच काम केले आहे : कॅन-१ हे जनुक बिघडलेल्या पेशींत हे विष शिरत नाही आणि त्या तगतात.

अजिंक्यतारा
ती रीत उत्तम आहे, परंतु ती आर्जिनिन या अमिनो आम्लाच्या वाहकासाठी आणि गमावलेले वहन ओळखण्यासाठी. येथे मिळवलेले वहन ओळखायचे आहे.

कृष्णाकाठ
क्षमस्व. माध्यमासाठी यीस्ट नायट्रोजन बेस ही तयार पूड, डबीवरील सूचनेप्रमाणे लिटरला ६.७ ग्रॅम. ग्लुकोज २ टक्के. प्रमोटर गॅल-१.

अजिंक्यतारा
स्ट्रेनवर संशय घेण्याचे कारण नाही. अमोनियम सल्फेट नसलेला बेस लिटरला १.७ ग्रॅम लागतो, आपल्या ६.७ पैकी उरलेले ५ ग्रॅम अमोनियम सल्फेटच आहे, म्हणजे सुमारे ७६ मिलिमोलर अमोनियम. तिन्ही मेप नसलेल्या पेशी ५ मिलिमोलरच्या खाली अडतात. इतक्या भरपूर अमोनियमवर त्या वाहकाशिवायही वाढतात. शिवाय ग्लुकोजवर गॅल-१ बंद राहतो, त्यामुळे उसाचे जनुक आत असूनही मुकेच होते. १.७ ग्रॅमचा बेस, १ मिलिमोलर अमोनियम आणि गॅल-१ चालू करणारी साखर गॅलॅक्टोज घ्यावी, आणि नायट्रोजनसाठी केवळ प्रोलिन हे अमिनो आम्ल असलेली एक प्लेट सोबत लावावी, म्हणजे पेशी जिवंत असल्याची खात्री पटेल. प्लेट घट्ट करणारे अगार धुऊन घ्यावे. त्यातूनही नायट्रोजन येतो.

कृष्णाकाठ
डबी पुन्हा पाहिली. लेबलच्या कडेला बारीक अक्षरांत ‘अमोनियम सल्फेटसह’ असे छापले आहे. मनापासून आभार, दुसरी डबी शेजारच्या प्रयोगशाळेत मिळाली असून प्लेट आज रात्रीच ओतत आहे.