सेफ्टी स्विच वायरलेस असावा का?

लालबटण:
माझं मत आधीच सांगतो. यंत्र थांबवणारं बटण वायरीवरच असावं. का, ते ऐका.

ओव्हरहेड क्रेनवरून प्लेटांचा गठ्ठा चालला होता. एका बाजूची साखळी हुकातून सरकायला लागली आणि ते सगळ्यांच्या आधी दिसलं एका नवीन मुलाला. शेजारच्या टेबलावर क्रेनचा रेडिओ रिमोट पडलेला, लाल मशरूम बटण वर. पोराने धावत जाऊन तळहाताने दाबलं. क्रेन चालूच. परत दाबलं, परत चालूच. तो रिमोट चार्जिंगला लावलेला जादाचा होता; क्रेनशी जोडलेला रिमोट ऑपरेटरच्या कमरेला. आरडाओरडा ऐकून त्याने थांबवलं, म्हणून निभावलं. त्या पोराचा चेहरा मला अजून दिसतो.

वायरीच्या बटणात कॉन्टॅक्ट चिकटला तरी दाबण्याच्या जोरानेच तो उघडतो. दोन चॅनेल असतात, म्हणजे दोन वेगळे मार्ग. वायर तुटली तर सेफ्टी रिले, म्हणजे यंत्राची वीज तोडणारा स्विच, ड्रॉप होतो आणि यंत्र थांबतं. रेडिओने यात काय भर घातली?

पेंडंटवाला:
भर घातली ती अंतराची. मी बारा वर्षं पेंडंटवर, म्हणजे क्रेनपासून केबलने लटकणाऱ्या बटणांच्या डब्यावर, क्रेन चालवली. पेंडंटची केबल जेवढी, तेवढंच लांब उभं राहता येतं. म्हणजे लोडच्या बाजूने, कधी कधी जवळपास खालूनच चालायचं. रिमोट आल्यावर मी पहिल्यांदा दहा पावलं मागे, चारही बाजू दिसतील असा उभा राहिलो. ते सुख केबलवाल्याला नाही कळायचं.

तुमचा प्रसंग भयंकर आहे, पण त्यात रेडिओ चुकलाच नाही. निकामी बटण कामाचं दिसत होतं, चूक ती. आयएसओ १३८५० या इमर्जन्सी स्टॉपच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत नेमकं हेच आहे: सुट्या किंवा वायरलेस रिमोटवरचं काम करणारं स्टॉप बटण आणि निकामी स्टॉप बटण यांत गल्लत होता कामा नये. बटणात दिवा द्या, जोडलेलं असेल तरच लाल दिसेल. नाहीतर सुटा रिमोट नजरेआड ठेवा. हे केलं नाही त्याला जबाबदार माणसं आहेत.

आणि वायर खोटं बोलत नाही असं समजू नका. यंत्राभोवतीच्या चार गार्डचे, म्हणजे संरक्षक जाळ्यांचे, डोअर स्विच एका रिलेवर सिरीजमध्ये, एकामागे एक जोडा. एकाचा कॉन्टॅक्ट अडकला की रिले ते पकडतो आणि रीसेट होत नाही. मग कोणीतरी शेजारचं चांगलं दार उघडून लावतं, रिले सुखाने रीसेट होतो आणि बिघाड तसाच आत राहतो.

लालबटण:
सिरीजचं मान्य, मी स्वतः पकडलंय ते.

पण वेळेचं बोला. रेडिओवर सेफ्टी कशी चालते? सतत क्रमांक घातलेले संदेश येत राहतात, प्रत्येकाची सीआरसी (संदेश वाटेत बिघडला का ते सांगणारा आकडा) तपासली जाते, आणि ठरलेल्या वेळात पुढचा संदेश आला नाही तर यंत्र थांबतं. मधल्या रेडिओवर विश्वासच ठेवायचा नाही, हेच ब्लॅक चॅनेलचं तत्त्व. तत्त्व चोख आहे. आता तो टाइमआउट अर्धा सेकंद धरा. सुरक्षित अंतर काढताना चालत्या माणसाचा वेग सेकंदाला १६०० मिमी धरतात. म्हणजे वाईटात वाईट वेळी ८० सेंमी जास्त जागा लागली. खचाखच भरलेल्या शेडमध्ये ८० सेंमी कुठून आणू? टाइमआउट कमी केला तर जरा सिग्नल गेला की यंत्र बंद. असं दिवसात पाच वेळा झालं की रात्रपाळीत कोणीतरी पॅनेल उघडून जंपर टाकतो, म्हणजे वायरचा तुकडा जोडून सेफ्टीच वगळतो. मला भीती त्या जंपरची आहे.

निळापेडल:
मी ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन. तुम्ही दोघंही धरून चालला आहात की यंत्र थांबलं म्हणजे माणूस वाचला. आमच्याकडे तसं नाही.

कॉटरी म्हणजे विजेने कापणारं आणि रक्त थांबवणारं यंत्र. तिचा पिवळा पेडल कापायला, निळा रक्तस्राव थांबवायला. शिरेतून रक्त उडतंय, सर्जनने फोर्सेपने शीर धरली आहे, पाय निळ्या पेडलवर, आणि कॉटरीचा तो टूंऽऽ आवाज येत नाही. त्या दोन सेकंदांत अख्खी ओटी श्वास धरते. इथे सिग्नल गेल्यावर गप्प बसणारा पेडल ‘सेफ’ कसा म्हणायचा? आणि सिग्नल गेल्यावर चालू राहणारा तर चालणारच नाही, कारण सी-आर्मच्या (ओटीतल्या एक्स-रे यंत्राच्या) पेडलचं तसं झालं तर एक्स-रे सुरूच राहील.

तरीही मी वायरलेसच्या बाजूची आहे. जमिनीवर सलाइन, रक्त आणि सात केबल. पेडल आयपीएक्स८ चा, म्हणजे पाण्यात बुडाला तरी चालणारा असला तरी केबल जिथे आत शिरते तिथे रोज वाकते, आणि तिथूनच खराब होते. शिवाय ट्रॉली अडकते, माणूस अडखळतो. म्हणून आमच्याकडे वायरलेस पेडल पायाखाली आणि वायरीचा पेडल ट्रॉलीवर, केस सुरू होण्याआधी तपासून.

मला पेअरिंगची, म्हणजे कोणता पेडल कोणत्या यंत्राशी जोडलाय याची, धास्ती जास्त. एकदा पुसापुशीनंतर आमचा पेडल शेजारच्या ओटीत गेला. केसच्या आधी तपासताना स्टिकरवरचा नंबर जुळला नाही म्हणून कळलं.

स्पेक्ट्रम:
अमेरिकेतल्या डॅलसचं कोणी बोललं नाही. १९९८ मध्ये तिथल्या एका टीव्ही केंद्राने डिजिटल प्रक्षेपणाची चाचणी घेतली आणि जवळच्या रुग्णालयातलं हृदयाचं वायरलेस मॉनिटरिंग बंद पडलं. कोणी नियम मोडला नव्हता. रुग्णालय ज्या रिकाम्या चॅनेलवर होतं तो टीव्हीचाच होता. मग २००० मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने (रेडिओ लहरींचं नियमन करणाऱ्या संस्थेने) मेडिकल टेलिमेट्रीला, म्हणजे अशा वायरलेस मॉनिटरिंगला, वेगळे पट्टे दिले. तुमचे पेडल आणि बरेच रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वायफाय, ब्लूटूथ सगळ्यांच्या गर्दीत. वायर तुमची असते, हवा तुमची नसते.

पेंडंटवाला:
म्हणून तर क्लासिक ब्लूटूथ ७९ चॅनेलवर उड्या मारत राहतं आणि गर्दीचे चॅनेल टाळतं. डॅलसची यंत्रणा एका जागी बसून होती.

नवखा:
बिनबॅटरीचे स्विच येतात, दाबण्याच्या ऊर्जेवरच सिग्नल पाठवतात. चार्जिंगची भानगडच संपेल ना?

लालबटण:
दिव्यासाठी घ्या, डोअरबेलसाठी घ्या. इमर्जन्सी स्टॉपला अजिबात नको. तो दाबल्यावरच बोलतो. मधल्या काळात तो ठीक आहे की फुटून पडलाय, हे यंत्राला कळणार कसं?

निळापेडल यांचं मला पटलं, जादाचं साधन हाताशी हवं. आमच्याकडे आता चार्जिंगचा रिमोट कुलपाच्या कप्प्यात जातो. पण खांबावरचं वायरीचं बटण काढायचं चाललंय, ते मी होऊ देणार नाही.

पेंडंटवाला:
काढूच देऊ नका. त्याच मानकात आहे, यंत्रावर एक तरी बटण कायमचं हवं. फक्त एक सांगा, ऑपरेटरचा रिमोट रात्री अडीचला बंद पडला तर कप्प्याची किल्ली कोणाकडे असते?