हत्यार उघडायची हत्यारं: तुमचे अनुभव लिहा

मंडळी नमस्कार. मराठीत बंदुकीलाही हत्यार म्हणतात आणि पान्हा-पेचकसालाही, म्हणून धाग्याचं नाव असं झालंय, समजून घ्या. मी टेक्सासात असतो. एच-१बी वर होतो तोवर या नादाला लागलोच नाही, कारण हंटिंग लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूक जवळ ठेवणंच फेडरल कायद्यात बसत नाही, मग ग्रीन कार्ड आलं आणि ऑफिसातला एकजण रेंजवर घेऊन गेला आणि झालं. पहिलं पिस्तूल घेतलं १९११ पद्धतीचं (जुनी अमेरिकन रचना, तिचं नावच १९११), पॉइंट फॉर्टी फाइव्ह. त्याच्यासोबत उत्साहात एक टूल किटही मागवलं, बत्तीस तुकड्यांचं, त्यातले आजवर चारच वापरलेत.

पहिल्यांदा उघडलं तेव्हा पुढचं बुशिंग (नळीच्या टोकाभोवतीचं कडं) फिरवताना स्प्रिंगच्या टोकाचं ते टोपण अंगठ्याने दाबून धरायचं असतं हे व्हिडिओत बघितलेलं होतं, पण बघणं वेगळं आणि अंगठा वेगळा. ते टोपण सुटलं ते थेट छताच्या पंख्याला टण्णकन लागलं आणि सोफ्यामागे गेलं, सापडायला पाऊण तास. नंतर जोडताना स्लाइड स्टॉप (वरचा सरकता भाग म्हणजे स्लाइड, तो अडवणारी खिट्टी) घाईघाईत वर ढकलला आणि फ्रेमवर मस्त अर्धगोल ओरखडा. या ओरखड्याला इकडे नावच आहे, 'मूर्खाची रेघ'. माझ्या पिस्तुलावर आहे, लपवत नाही.

तर सांगा, तुमच्याकडे घरी उघडून साफ करायला, छोटंमोठं काम करायला काय काय आहे, काय फुकट गेलं, काय नसल्याने फजिती झाली. अट एकच, कायदेशीर हत्यार आणि कायदेशीर काम. भारतातल्यांनी विशेष लक्षात ठेवा, १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टमध्ये बंदूक दुरुस्त करायलाही लायसन्स लागतं, म्हणजे साफसफाई आपली, दुरुस्ती परवानावाल्या दुकानाची.

निवृत्त आर्मरर, सातारा जिल्हा

पोरांनो, बत्तीस तुकडे ऐकून हसू आलं. मी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती शाखेत, आर्मरर (हत्यारं सांभाळणारा-दुरुस्त करणारा) होतो, आता शेती बघतो. आमच्याकडे जवानाला साफसफाईला मिळायचं काय तर पुलथ्रू (नळीतून ओढायची दोरी), तेलाची बाटली, ब्रश आणि चिंदी. चिंदीचंसुद्धा माप ठरलेलं, साफ करायची चार बाय दोन इंच आणि तेल लावायची चार बाय दीड, कारण तेलाची मोठी घेतली की नळीत तेल राहत नाही, पुसूनच निघतं. आमचं पिस्तूल म्हणजे ९ एमएम १ए, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीतलं. टेक्सासवाल्या भाऊंच्या १९११ चा आणि याचा मूळपुरुष एकच, ब्राउनिंग. तो १९२६ साली वारला, मग बेल्जियमात साइव्ह नावाच्या माणसाने काम पुरं केलं आणि १९३५ साली हाय-पॉवर नावाचं पिस्तूल आलं, आमचं हे त्याचंच रूप. त्यामुळे पुढे ते फिरणारं बुशिंगच नाही आणि पंख्याला टोपण लागायचा प्रश्न नाही, हाहा.

माझं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे पांढरं फडकं. जमिनीवर अंथरायचं, निघेल तो भाग डावीकडून उजवीकडे ओळीत ठेवायचा, जोडताना उजवीकडून उलटं यायचं. पांढरंच का, तर काळी पिन काळ्या रबरी मॅटवर दिसत नाही. मॅग्नेटवाली मॅट विकतात ती चांगली असेल पण त्यावर पडून पडून छोट्या पिना स्वतःच चुंबक होतात आणि मग लोखंडाचा बुरा ओढून घेतात, मला ती आवडत नाही.

ओहायोची सूनबाई

आमच्या घरातली गोष्ट सांगू का? ह्यांनी पिन ठोकायला खाली आधार पाहिजे म्हणून माझा पोळपाट घेतला. सागवानी, आईने दिलेला, पुण्याहून बॅगेत आणलेला. आणि मधोमध भोक पाडलं, पिन खाली पडायला जागा पाहिजे म्हणे!! मी बघितलं तेव्हा त्यावर काळं तेल आणि डायनिंग टेबलावर सगळा पसारा.

भांडण पोळपाटावरून सुरू झालं पण खरी गोष्ट नंतर कळली, मी लॅबमध्ये काम करते म्हणून डोक्यात आली. गोळीच्या प्रायमरमध्ये (बुडातल्या पेटणाऱ्या मसाल्यात) शिसं असतं, साध्या .२२ ची गोळी तर शिशाचीच, आणि ती सगळी काजळी त्या चिंध्यांवर, ब्रशवर, हातावर येते. घरात तीन वर्षांचं मूल, टेबलावर हात फिरवून तोंडात घालणारं. त्या दिवसापासून सगळं काम गॅरेजमध्ये, नायट्राइल ग्लव्हज घालून, चिंध्या वेगळ्या पिशवीत, आणि आत आल्यावर आधी हात-तोंड धुणं मग पोराला उचलणं. तुमच्या त्या यादीत ग्लव्हज लिहा हो पहिल्या नंबरवर, पंच (पिन ठोकून काढायची सळई) आणि हातोडी नंतर.

आधाराला आता आइस हॉकीची पक आणली आहे, टणक रबराची चकती, दोन-तीन डॉलरची, त्यात ड्रिलने भोकं पाडली की झालं. धातूला ओरखडा पडत नाही आणि माझा पोळपाट वाचतो.

धागाकर्ता

वहिनी _/\_ ग्लव्हज पहिल्या नंबरवर घेतले.

एक जुना रिव्हॉल्वरवाला, न्यू हॅम्पशायर

स्क्रूड्रायव्हरबद्दल कोणीच बोललं नाही अजून म्हणून लिहितो, कारण माझ्या मते सगळं तिथेच आहे. घरातला साधा पेचकस बघा, त्याचं पातं टोकाकडे निमुळतं होत जातं, म्हणजे स्क्रूच्या खाचेत फक्त वरच्या कडांना टेकतं, जोर लावला की वर सरकतं आणि खाचेची कड मोडतं. गनस्मिथचा जो असतो त्याचं पातं दोन्ही बाजूंनी पोकळ घासलेलं असतं, टोकाशी दोन्ही बाजू समांतर, खाचेत तळापर्यंत आणि पूर्ण रुंदीला भरून बसतो. जुनं पिस्तूल कोणाच्या हातातून गेलंय हे स्क्रू बघून कळतं. १९६० च्या आसपासचा माझा स्मिथ अँड वेसन, आधीच्या मालकाने काय काय केलं होतं त्यावर, चारातले तीन स्क्रू ओरबाडलेले.

आणि त्याची बाजूची प्लेट. स्क्रू काढले की प्लेट निघत नाही, ती इतकी घट्ट बसवलेली असते की फट दिसत नाही, मग माणूस काय करतो, पेचकस घालून उचकटतो. मेला. वाकली की पुन्हा कधी तशी बसत नाही. करायचं काय तर रिव्हॉल्वर उलटा हातात धरून मुठीच्या फ्रेमवर हातोडीच्या लाकडी दांड्याने टक टक करायचं, हादऱ्याने प्लेट आपोआप सुटते आणि हातात पडते. मला हे एका म्हाताऱ्या गनस्मिथने शिकवलं, त्याने पैसेही घेतले नाहीत, फक्त म्हणाला स्क्रू कुठला कुठे ते लिहून ठेव, सगळे सारखे दिसतात पण सारखे नसतात. मी पुठ्ठ्यावर रिव्हॉल्वरचं चित्र काढतो आणि त्या त्या जागी भोक पाडून स्क्रू खोचून ठेवतो.

आतली रिबाउंड स्प्रिंग (ट्रिगर परत पुढे आणणारी) काढताना मात्र मोठ्या झिपच्या पारदर्शक पिशवीत हात घालून काम करा, उडाली तरी पिशवीतच राहते. ही पिशवी टेक्सासवाल्यांना आधी सांगायला हवी होती.

नुकताच शिकलेला, कॅलिफोर्निया

माझं ग्लॉक आहे त्यामुळे मी गरीब, टूल किट म्हणजे एकच पंच, ३/३२ इंचाचा, म्हणजे साधारण २.४ एमएम. त्या एका पंचने जवळपास पूर्ण पिस्तूल सुटं होतं. पुढची माशी (नेम धरायचा पुढचा खुंट) बदलायची असेल तर ३/१६ चा पातळ भिंतीचा नट ड्रायव्हर वेगळा लागतो, जाड भिंतीचा आत जातच नाही, मी आधी तोच आणला होता.

पण एक गोष्ट, हे उघडताना आधी ट्रिगर दाबावा लागतो, रचनाच तशी आहे. म्हणजे मॅगझिन काढलं पण चेंबरमध्ये (नळीत गोळी बसते त्या जागी) एक राहिली असं झालं तर साफसफाईतच गोळी सुटते, आणि सुटलेल्या आहेत लोकांच्या. आमच्या इन्स्ट्रक्टरने लावलेली सवय अशी की मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, डोळ्याने बघायचं, मग करंगळी घालून चाचपायचं, आणि ज्या खोलीत साफसफाई त्या खोलीत एकही जिवंत गोळी नाही, डबा दुसऱ्या खोलीत. बायको म्हणते तू गॅस बंद केलाय का हे इतक्यांदा बघत नाहीस.

कोथरूडची आई

आमच्याकडे खरं पिस्तूल नाही, लेकीचं एअर पिस्तूल आहे, १० मीटरचं, ४.५ एमएमचं. चालेल ना इथे? २०१८ च्या एशियाडमध्ये राही सरनोबतने २५ मीटर पिस्तुलात गोल्ड घेतलं तेव्हा लेकीने हट्ट धरला तो आजपर्यंत चालूय, बालेवाडीच्या शूटिंग रेंजच्या फेऱ्या मारून मारून माझी स्कूटर म्हातारी झाली. पॉइंट १७७ आणि २० ज्यूलच्या आत असलं की एअर पिस्तुलाला लायसन्स लागत नाही, २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये तसं आहे, पण म्हणून ते खेळणं नाही हे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी सांगते.

आमची हत्यारं वेगळी. मिलिमीटरच्या अ‍ॅलन की चा चांगला सेट, स्वस्तातल्या की चे कोपरे गोल होतात आणि मग बोल्टची वाट लागते. ट्रिगर तपासायचं वजन, कारण मॅचच्या आधी कंट्रोलला (हत्यार तपासणीला) ट्रिगरने ५०० ग्रॅम उचलून दाखवावं लागतं, आणि घरी आधी बघितलं नाही तर तिथे आयत्या वेळी रडारड होते, आमची झाली आहे एकदा. नळीतून मारायच्या फेल्टच्या गोळ्या. ओ-रिंग आणि सिलिकॉन ग्रीस. एकदा तिच्या बाबांनी पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरच्या आट्यांना शिलाई मशीनचं तेल लावायला घेतलं, कोच फोनवर ओरडलेच, २०० बारच्या हवेत साधं तेल गेलं की दाबाने पेटू शकतं म्हणे. आणि सिलिंडरवर तारीख असते, दहा वर्षं झाली की दिसायला कितीही नवा असो, बाद.

मूठ मात्र घरीच केली. लाकडी मूठ हाताला बसेना तर दोन महिने कानस, पॉलिश पेपर आणि जिथे कमी तिथे एम-सील, थोडं लावायचं, पंचवीस शॉट मारायचे, परत घासायचं. दिसते भयाण. पण कोच म्हणाले हात लावू नका आता.

रत्नागिरीकर

आमच्याकडे वडिलांचं लायसन्सचं .३२ आहे. आमच्याकडचं हत्यार म्हणजे सिलिका जेल, दुसरं काही नाही. वडील पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवायचे, आणि कोकणातला पाऊस, चामडं दमट हवा ओढतं आणि धरून ठेवतं, गणपतीत काढलं तर एका बाजूला होल्स्टरच्या आकाराचा गंज. त्यात काकांनी उपाय काय केला, खोबरेल. पावसाळ्यात ठीक वाटलं, मग इलेक्शन आलं, पोलिस स्टेशनात जमा करायला न्यायचं म्हणून डिसेंबरात काढलं तर स्लाइड हलेना. खोबरेल २४ डिग्रीच्या खाली थिजतं आणि जुनं झालं की चिकट होतं, हे डोक्याला लावणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं खरं. दुकानात नेलं, त्याने आधी अर्धा तास हसून घेतलं मग साफ करून दिलं. आता हलकं गन ऑइल, सुती कापड, आणि होल्स्टर वेगळ्या खणात.

मिशिगनचा इंजिनिअर

.२२ चं रुगर मार्क टू. उघडलं पाच मिनिटांत, जोडायला एक अख्खा शनिवार. हॅमरच्या मागची छोटी काडी स्प्रिंगच्या वाटीत पडली पाहिजे, त्यासाठी पिस्तूल कधी नाक वर कधी नाक खाली धरून ट्रिगर दाबायचा, हे मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय आणि मी इंजिनिअर असल्यामुळे मॅन्युअल वाचलं नाही. कंपनीने २०१६ मध्ये मार्क फोर काढलं त्यात एका बटणाने उघडतं, पण माझा जीव जुन्यावर. माझी हत्यारं म्हणजे रबरी हातोडा आणि फोनचा कॅमेरा, प्रत्येक पायरीला फोटो.

अजून एक, .२२ रिकामं चालवून बघू नका, बऱ्याच पिस्तुलांत पिन चेंबरच्या कडेवर आपटू शकते. इथे लोक भिंतीत स्क्रू बसवायचे ते पिवळे प्लास्टिकचे प्लग चेंबरमध्ये घालतात, अगदी मापात बसतात, शंभराचा डबा आणला तो अजून संपला नाही.

नाव नको

मी मूर्खपणा कबूल करतो. सगळं जमायला लागलं की वाटतं आता ट्रिगर थोडा हलका करू. आतला सिअर (हॅमर अडवून धरणारा भाग) घासला, किती घासला ते मलाही माहीत नाही. रेंजवर एकदा ट्रिगर दाबला आणि दोन गोळ्या गेल्या, दुसरी छताच्या दिशेने. रेंजवाल्याने तिथेच थांबवलं, हात थरथरत होते माझे. गनस्मिथकडे नेलं, त्याने हॅमर आणि सिअर दोन्ही नवे घातले, जुने भाग मला परत दिले आणि म्हणाला भिंतीवर लावून ठेव. लावलेत. गॅरेजमध्ये, कानस जिथे टांगायचो त्या खिळ्याला.

धागाकर्ता

हे लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. माझ्या किटमध्येही घासायचे छोटे दगड आहेत, ते आता चाकूला लावतो.

रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायचं यंत्र) बसवणाऱ्यांसाठी राहून गेलं, टॉर्क ड्रायव्हर घ्या, इंच-पाउंडवाला. ते स्क्रू इवलेसे असतात, माझ्या मॅन्युअलमध्ये १५ इंच-पाउंड लिहिलं होतं आणि मी 'अजून थोडा' म्हणून पिळला तर डोकं तुटून हातात. आणि लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा गोंद) निळं लावा, लाल लावलं तर नंतर तापवल्याशिवाय सुटत नाही.

ओहायोची सूनबाई

ह्यांनी धागा वाचला. पुठ्ठ्यावर स्क्रू खोचायची आयडिया आवडली म्हणे, आणि पुठ्ठा म्हणून माझ्या चितळ्यांच्या मिठाईचा डबा उचललाय. त्यात अजून चार बाकरवड्या होत्या.