विषय: डागिसमध्ये लुसिया आहे, लेकीला काय घालू?

नमस्कार मंडळी,

आम्ही ऑगस्टमध्ये स्वीडनमधल्या उप्सालाला आलो. लेक साडेचार वर्षांची आहे. काल डागिसमधून, म्हणजे तिच्या बालवाडीतून, निरोप आला की १३ डिसेंबरला लुसियाची मिरवणूक आहे, पोशाख घरून आणायचा. लुसिया, तेर्ना, तोम्ते (नाताळचा बुटका) की पेपरकाका (आल्या-मसाल्याचं बिस्किट), ते मुलांनीच ठरवायचं. सासूबाई सध्या इथेच आहेत. त्या विचारतात, हे धर्माचं काही आहे का? शिवाय ऑफिसात यूलबुर्डचं, म्हणजे ख्रिसमसच्या मेजवानीचं, जेवण आहे आणि आम्ही शाकाहारी. कुणी सांगाल का?

– उप्सालाहून

*

अगं, निःशंक पाठव तिला.

लुसिया मूळची सिसिलीतली संत, पण स्वीडन प्रोटेस्टंट, इथे संतांचं फारसं प्रस्थ नाही. तरी ही एक टिकली, कारण जुन्या पंचांगानुसार तिची रात्र वर्षातली सगळ्यांत मोठी मानत. आता उप्सालाला पावणेतीनला सूर्य मावळतो, तेव्हा सासूबाईंना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. पांढरा पायघोळ झगा, कमरेला लाल फीत, डोक्यावर दिव्यांचा मुकुट ही लुसिया. तेर्ना म्हणजे तिच्या सख्या, त्यांच्या केसांत आणि कमरेला चंदेरी झिरमिळ्या. छोट्या मुलांचे मुकुट बॅटरीवर चालतात, काळजी नको. फक्त झग्याच्या आत लोकरीचे कपडे घाल, बरेचदा कार्यक्रम अंगणात असतो.

आणि नुसता पोशाख विकत आणून थांबू नकोस, लुस्सेकात, म्हणजे लुसियाचे केशरी गोड पाव, घरी कर. केशर अर्ध्या ग्रॅमच्या पुड्यांत मिळतं. अर्धा लिटर दुधाला दोन पुड्या. केशर थोड्या साखरेबरोबर खलात कुटायचं, आपण श्रीखंडाला कुटतो तसंच, म्हणजे रंग पुरता उतरतो. पिठात पाव किलो क्वार्ग (आपल्या चक्क्यासारखं असतं) घाल, नाहीतर दुसऱ्या दिवशी हे पाव कोरडे पडतात. इंग्रजी एससारखा वळसा द्यायचा आणि दोन्ही टोकांना एकेक मनुका. वरून अंडं लावायची पद्धत आहे, आपण दूध लावायचं. ही कणीक लेकीला वळू दे.

यूलबुर्डवर यान्सोन्स फ्रेस्टेल्सेपासून सांभाळ. दिसायला बटाटे नि साय, पण आत मासे असतात. तांदळाची खिरीसारखी पेज बिनधास्त खा. तीत एक बदाम लपवलेला असतो, ज्याला सापडेल त्याचं पुढच्या वर्षी लग्न ठरतं म्हणतात.

आणि खिडकीत सात दिव्यांचा त्रिकोणी स्टँड लाव. आमच्या गोथेनबर्गमध्येच फिलिप्समधल्या ऑस्कर अँडरसन यांनी १९३४ मध्ये झाडावरच्या दिव्यांपासून पहिला विजेचा स्टँड बनवला. आता बर्फातून घरी येताना खिडकीखिडकीत तो दिसतो. मी एकटी असतानाच्या पहिल्या हिवाळ्यात मला त्याचा फार आधार वाटला होता.

– काकू, गोथेनबर्ग

*

काकू, भेटींवरच्या ओळी राहिल्या!

इथे २४ तारखेला भेटवस्तूवर यमक जुळवलेल्या दोन-चार ओळी लिहितात. आत काय आहे ते सुचवायचं, पण सांगायचं नाही. पुडी उघडण्याआधी मोठ्यानं वाचतात आणि सगळे ओळखायचा प्रयत्न करतात. उखाण्यांत नि कोड्यांत वाढलेल्या माणसांनी हे सोडू नये. आम्ही लुंडला शेजाऱ्यांकडे जातो तेव्हा मी मराठीत लिहितो आणि मुलगा स्वीडिशमध्ये अर्थ सांगतो.

आणखी एक. १३ जानेवारीला क्नूटचा दिवस, तेव्हा ख्रिसमसचं झाड घराबाहेर जातं. त्याआधी मुलं झाडाभोवती नाचतात आणि त्यावरचा खाऊ लुटतात. शब्दशः 'झाडाची लूट' म्हणतात त्याला. त्याच सुमारास आपली भोगी, लगेच संक्रांत आणि बोरन्हाण. मी मंडळाला दर वर्षी सांगतो, दोन्ही लुटी एकाच दिवशी करूया. या वर्षी तरी करूया.

– लुंडहून

*

काकू, दादा, मनापासून आभार.

लेक तेर्ना होणार. लुस्सेकात काल केले. तिचे सगळे गोगलगाईसारखे झाले, पण रंग सुरेख आला. लुटीला आम्ही येतो, तिळाचे लाडू माझ्याकडे.

सासूबाईंनी नातीच्या भेटीसाठी ओळी लिहिल्यात. ओळखा बघू:

दार एकच, भावंडं पाच, थोरल्याला वेगळी खोली,
बर्फात खेळून आली तरी होत नाहीत ओली.

– उप्सालाहून